नेदाचं खोगीर

त्या वर्षी गुलाबाने कामेनदोल गावाची फजिती करायचीच असं ठरवलं होतं. एरवी मे महिना अर्धा सरला की झुडपं हळूहळू उमलायला लागत. तीन-साडेतीन आठवडे रोज पहाटे थोडंथोडं खुडत जावं, असा शिरस्ता. यंदा डोंगरावरून यायचा तो गार वारा आलाच नाही. उन्हाळा आगाऊ पाहुण्यासारखा आधीच येऊन बसला आणि सगळ्या कळ्या एकदम फुटल्या. गुलाब उमलला की त्याच दिवशी, तोही ऊन चढायच्या आत खुडावा लागतो. दहा वाजले की पाकळ्यांतला अर्क उडून जातो, आणि मग अत्तराचा भट्टीवाला ती फुलं वजनकाट्यावर घेतानाच नाक मुरडतो.

नेयको खोगीरवाल्याचा मळा गावाच्या वरच्या उतारावर होता. मळा लहान, पण वर्षभराचं मीठ, रॉकेल, जोडे सगळं त्यावरच निघायचं. मुलगा गांचो सरहद्दीवरच्या छावणीत शिपाईगिरीची दोन वर्षं भरत होता. घरात उरली तीन मोठी माणसं आणि तीन महिन्यांची नेदा. त्यातल्या एका मोठ्या माणसाने, म्हणजे नेयकोच्या बायकोने, पेनाने, एकसष्टाव्या वर्षी चेरीच्या झाडावर चढून दाखवलं. शेजारणीने आपल्या आधी चेरी उतरवल्या हे तिला बघवलं नव्हतं. फांदी मोडली, पेना खाली आली आणि खांद्याचं हाड दुखावलं. आता हात गळ्यात बांधून ती अंगणातल्या बाकावर बसून असायची. तोंडाला काही इजा झाली नव्हती.

खुडणारी एकटी सून राहिली, केरा. नेयको खुडायचा, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं दाभण आणि सुतळी ओढून त्याची बोटं अशी झाली होती की एक गुलाब चिमटीत धरला की देठासकट चार पानं यायची आणि शेजारच्या दोन कळ्या फुकट मरायच्या. केराचा कमरेला बांधलेला ओटा भरून सांडायला लागे तेव्हा त्याच्या ओट्याचा तळही झाकलेला नसे.

पहिल्या दिवशी केराने नेदाला पाठीशी झोळीत बांधून नेलं. ही झोळी तिच्या आईने विणलेली. काळ्या-तांबड्या लोकरीचा जाड चौकोन आणि चारी कोपऱ्यांना बोटाएवढे गोफ. पहिलं मूल झालं की माहेरून झोळी येते, तशी ती आली होती. पण कामेनदोलचा गुलाब माणसाच्या डोक्यावर जातो. त्यात शिरायचं, एका हाताने फांदी वाकवायची, दुसऱ्याने फुलं खुडायची आणि फांदी सोडून द्यायची. सोडलेली एक फांदी मागे सरसरत गेली आणि नेदाच्या कानापासून गालापर्यंत एक बारीक लाल रेघ उमटली. डोळा बोटभर अंतरावर वाचला. केराने तिथेच काम थांबवलं.

मळ्याच्या कडेला तीन काठ्यांवर झोळी टांगून त्यात मूल निजवायची रीत गावात होती. नेदाला ती मान्य नव्हती. तिला चालतं-हलतं माणूस हवं असे. टांगून ठेवली की ती असा टाहो फोडी की पलीकडच्या मळ्यातलं गाढव तिला उत्तर देई. म्हणून केरा घरी परतली आणि मागे अर्धा मळा तसाच गुलाबी राहिला. दुपारपर्यंत तो तपकिरी झाला.

"मंग तुमीच घ्या की तिला," पेना बाकावरून म्हणाली.

"कुठं घेऊ?" नेयकोने विचारलं.

"कुठं म्हंजी? पाठीवर. भिजलेलं खोगीर खांद्यावर टाकून बाजाराला जाता, तवा पाठ दुखत न्हाई. ही तर मूठभर पोर हाय."

"आगं पन झोळीत? गडीमानसानं? गावात कुनी बघितलंय का आसलं?"

"न्हाई बघितलं. उद्या बघतील."

केरा नेदाच्या गालाला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही. "मामंजी, आजची फुलं गेली. उद्याची बी जातील," ती म्हणाली. "तुमी निस्ती तिला घिऊन हिंडा. दोन घंट्यांनी पाजायला माज्याकडं आना. बाकी मी बघते."

सुनेने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. नेयको मिशी चावत बसला आणि शेवटी कबूल झाला. अट एकच घातली, की तो चौकातून जाणार नाही, ओढ्याकडच्या बोळाने जाईल.

पहाटे पेनाने एका हाताने आणि शंभर शब्दांनी बांधणी केली. नेदा रीतीप्रमाणे पट्टीने मानेपासून टाचेपर्यंत गुंडाळलेली होती, लाटण्यासारखी सरळ. ती नेयकोच्या पाठीवर ठेवली, वरून झोळी आली आणि गोफ छातीवर आवळले. मग पेनाने नेदाच्या तोंडावर लाल फडकं टाचलं. पोर गोरी, गुबगुबीत, वर गालावर ताजा ओरखडा. रस्त्यात शंभर डोळे भेटतात आणि त्यातला एखादा तरी वाईट असतोच, असं पेनाचं ठाम मत होतं.

दाराबाहेर पडल्यावर नेयकोने त्यात स्वतःची भर घातली. आपला बिनबाह्यांचा जाड लोकरी कोट त्याने झोळीवरून पांघरला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा खोगिराचा लोकरी नमदा घेऊन चाललाय.

बोळात नेमका त्सोन्यो भेटला. चौकातलं कॉफीचं दुकान त्याचं, आणि गावातली प्रत्येक बातमी आधी त्याच्या दुकानात उकळायची. तो ओढ्यावरून पाणी आणत होता.

"नेयकोदा, आसल्या उन्हाळ्यात कोट?"

"खांदा धरलाय."

कोट आतून कण्हला.

"लईच धरलाय वाटतं," त्सोन्यो म्हणाला आणि घागर सावरत, खांदे हलवत निघून गेला.

मळ्यावर पोचेपर्यंत गोफ नेयकोच्या खांद्यात रुतले होते. ओझं दर दहा पावलांनी बोटभर खाली सरकत होतं. आता ते कमरेच्याही खाली लोंबत होतं आणि त्याचा तोल सांभाळायला तो पुढे वाकून चालत होता. नेदा रडली, थांबली, पुन्हा रडली. सूर्य डोंगरावर आला. नेयको बांधावर येरझाऱ्या घालत राहिला. सातच्या सुमाराला रडणं बारीक होत गेलं आणि थांबलं. नेयकोला बरं वाटलं. त्याने पलीकडच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या वुनाला हाताने खूणसुद्धा केली, की बघ, निजवली. हे काम काही एवढं अवघड नाही, असं त्याच्या मनात आलं. ते नंतर त्याला फार दिवस आठवत राहिलं.

दूध दाटून आलं म्हणून केरा ठरल्या वेळेआधीच आली. नाहीतर आणखी अर्धा घंटा गेला असता. तिने कोट उचलला आणि फडकं काढलं.

नेदाचं तोंड बिटासारखं झालं होतं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. ती घसरून आत कोंबली गेली होती, हनुवटी छातीत रुतली होती, आणि ती झोपलेली नव्हती. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात काही नव्हतं.

केराने गोफ सोडले नाहीत, कोयत्याने कापले. पोरीला गवतावर आडवं केलं, पट्टी भराभरा उलगडली, मान सरळ केली, मडक्यातलं पाणी ओंजळीने अंगावर टाकलं. नेयको गुडघ्यावर बसून होता. त्याचे हात पुढे आले होते आणि त्यांनी काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग नेदाने एक लांब, खरखरीत श्वास ओढला आणि किंचाळली. तो टाहो मळ्याच्या शेवटापर्यंत गेला. उभ्या आयुष्यात नेयकोने इतका गोड आवाज ऐकला नव्हता. त्याला रडू फुटलं, आणि ते लपवावं हेही त्याला सुचलं नाही.

केरा पोरीला छातीशी घेऊन पाजत बसली. मग ती बोलली, आणि आवाज चढवला नाही.

"मामंजी, खेचरावर वझं लादताना तुमी त्याच्या तोंडावर गोनपाट टाकता का हो?"

नेयको कापलेले गोफ गोळा करू लागला.

"उद्या मी खुडायला येनार न्हाई. फुलं जाऊ द्यात," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन उतार उतरू लागली.

घरी पेनाला कळलं तेव्हा तिला शंभर शब्द लागले नाहीत. ती म्हणाली, "फडकं मी टाचलं." नेयको म्हणाला, "कोट मी घातला. तू नजरंला भ्यालीस. मी लोकांच्या हसन्याला भ्यालो. तुजं तरी बरं." एवढं बोलून तो आपल्या खोगिरांच्या पडवीत गेला.

पडवीत एक अर्धवट खोगीर लाकडी घोडीवर चढवलेलं होतं. आत राय धान्याचं काड, वर नमदा, त्यावर चामडं. नेयको त्याच्याकडे बघत बसला. डोंगरापलीकडच्या लाकूडवाल्यांची खेचरं त्याच्या खोगिराखाली वीस-वीस वर्षं चालत. एकाच्याही पाठीला कधी घट्टा पडला नव्हता. गिऱ्हाइकाला तो नेहमी सांगायचा, की ओझं वर ठेवा आणि अंगालगत ठेवा. लोंबतं ओझं चालणाऱ्याला मारतं आणि स्वतःही मरतं. भार कण्यावर नको, दोन्हीकडे वाटून द्या. पट्टा रुंद हवा, दोरी कधीच नको. आणि दर वळणावर थांबून जनावराचं तोंड बघा. चाळीस वर्षं हे लोकांना शिकवून, आज सकाळी त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. झोळी बायकांची वस्तू, तिथे आपल्याला कळण्यासारखं काही नसणार, असं तो धरून चालला होता.

त्याने दाभण काढलं.

झोळीच्या विणीला त्याने हात लावला नाही. विहिणीची मेहनत होती, आणि सून जन्मभर बोलली असती. कापलेले गोफ त्याने नव्याने वळले, चामड्याच्या दुपदरी पट्ट्यांना फासे केले आणि गोफ त्यातून ओवले. पट्टे चार बोटं रुंद, आतून नमदा. खालच्या बाजूला एक तंग, खोगीर आवळायला असतो तसा पट्टा, तो मात्र कमरेला. सगळा भार खांद्यांवर कशाला, कंबर काय नुसती नाचायला दिलीय?

मग त्याने तागडीवर नेदाएवढ्या वजनाचं घेवड्याचं पोतं भरलं. वर डोकं म्हणून गेल्या साली माळ्यावर ठेवलेला शेवटचा भोपळा अडकवला. हे सगळं पाठीवर चढवून तो अंगणात चालू लागला. पेना बाकावरून बघत होती.

"जरा पळा बरं," ती म्हणाली.

तो पळाला. भोपळा सुटला, पायरीवर आपटला, दोन उड्या मारून डुकराच्या पुढ्यात गेला. डुकराने वेळ घालवला नाही.

"गेली पोर," पेना म्हणाली.

"डोक्याच्या मागं आधार पायजे. कापड मानेच्या वरपातूर यायला हवं," नेयको दम खात म्हणाला. "आन पाठीवर मला दिसतच न्हाई, मागं काय चाललंय ते."

"समद्या बायका पाठीवरच घेतात."

"त्या का घेतात? त्यास्नी पुढं हात लागतात, खुडायला, कुदळायला. माजे हात तर रिकामेच हायेत. मी कशाला पाठीवर घेऊ? मी पुढं घेतो."

पेनाने नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि असलं काही त्याच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या खेपेला डोक्याच्या जागी कोबीचा गड्डा होता. तो पळून, वाकून, शिंकूनही जागचा हलला नाही. तेव्हा नेयको पोतं छातीशी बांधूनच केरापुढे जाऊन उभा राहिला. ती ओट्यावर नेदाला मांडीत घेऊन बसली होती. पोरीच्या गालांची लाली उतरली होती, ती आता हसत होती.

"मी तुला म्हनत न्हाई, की दे म्हनून," नेयको म्हणाला. "फकस्त बघ. न्हाई पटलं तर ह्यातला घेवडा शिजव आन पट्टे खेचराला घालतो."

केराने बघितलं. नुसतं बघून ती थांबली नाही. त्याला वाकायला लावलं, बसायला लावलं, माळ्याची शिडी चढायला लावली. पट्ट्याखाली बोटं घालून ओढून पाहिलं. मग पोतं काढलं आणि नेदाला पुढे धरलं. धरलं, दिलं नाही.

"पट्टी सोड तिची," नेयको म्हणाला.

बाकावरून पेना ओरडली, "पाय फेंगडे होतील!"

"खेचरावर बसनाऱ्याचे पाय कुनीकडं आसतात?"

"ती काय खेचरावर बसलीय?"

"माज्यावर बसनार हाय. एकच झालं."

केरा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने पट्टी उलगडली. नेदाने मोकळे झालेले पाय पोटाशी ओढले, बेडकासारखे फाकवले, आणि तशीच ती आजोबाच्या छातीवर बसली. झोळी एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागे गेली. गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर राहिले. तंग आवळला, पट्टे पाठीवर फुली करून बांधले. ती घसरेना. तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली आलं, इतकं जवळ की मान किंचित झुकवली तर तिच्या टाळूला ओठ लागावेत. केराने नेदाच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली. बोटं गेली. नाकासमोर तळवा धरला. श्वास लागला.

"तोंडावर काय बी येनार न्हाई," ती म्हणाली. हे सासूसाठी होतं.

"आगं पन नजर..."

"लागू द्यात. नजर उतरवता येती, आत्ती."

पेनाने उठून एका हाताने लसणाची पाकळी आणली आणि पट्ट्यावर, नेदाच्या हाताला पोचणार नाही अशा जागी, टाचून घेतली. तेवढं तिचं तिला करू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेयको बोळाच्या तोंडाशी आला आणि थांबला. बोळातल्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. काल तिथे तो दोनदा घसरला होता. आता छातीवर पोर, पाय कुठे पडतोय ते नीट दिसत नव्हतं. चौकातला रस्ता सपाट होता. केरा मागे उभी होती. नेयको चौकाकडे वळला.

त्सोन्योच्या दुकानापुढे पाच-सहाजण मळ्यावर जायच्या गाड्या जुंपत उभे होते. आधी सगळ्यांचे हात थांबले. मग त्सोन्यो दारात आला.

"आरं बघा रं! खोगीरवाल्यालाच खोगीर चढलं!"

हशा पिकला. गाडीवरचा एकजण खाली उतरला, हसायला जागा हवी म्हणून. नेयकोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षांपूर्वी याच चौकात त्याचं खेचर चिखलात बसलं होतं, तेव्हाही लोक असेच हसले होते, आणि त्याने वर्षभर त्सोन्योकडे कॉफी प्यायली नव्हती. आताही पाऊल उचलून निघून जावं असं वाटलं. मग त्याने खाली पाहिलं. नेदा टक्क जागी होती आणि त्याच्या मिशीकडे फार विचारात पडल्यासारखी बघत होती.

"चढलं खरं," तो म्हणाला. "मी केलेलं खोगीर कंदी घसरलंय का, सांग."

"न्हाई बाबा. पन जनावर म्हातारं हाय."

"म्हातारं हाय म्हनून तर भरवशाचं."

नेदाने त्याच क्षणी सकाळचं निम्मं दूध आजोबाच्या सदऱ्यावर ओतलं. पुन्हा हशा झाला, पण तो आता वेगळा होता. माडीच्या खिडकीतून त्सोन्योच्या बायकोने डोकं बाहेर काढून विचारलं, "नेयकोदादा, ते पट्टे आतून कशाचे हायेत वो? आमच्या लेकीला दावाया पायजेत." त्सोन्यो आत निघून गेला.

त्यानंतर नऊ दिवस नेयको चालला. मळ्याच्या आत नाही, काट्यांपासून दूर, बांधाबांधाने. ऊन आलं की अक्रोडाच्या ओळीकडे सरकायचं. शंभर पावलं झाली की खाली बघायचं, नाक मोकळं, हनुवटी वर, रंग ठीक. काही पडलं तर कमरेत वाकायचं नाही, गुडघे मोडून खाली बसायचं. पहिल्या दिवशी हे विसरला तर नेदाचं डोकं पुढे कलंडलं. तेव्हापासून एक हात कायम तिच्या मानेमागे. चिलीम त्याने घरीच ठेवली, ठिणगी पोरीच्या डोक्यावर पडली तर काय घ्या. तिसऱ्या दिवशी त्याचे हात चिलिमीसाठी वळवळू लागले. तेव्हा त्याने तिच्या पावलांशी चाळा केला. ती पावलं इतकी लहान होती की टाच त्याच्या अंगठ्याएवढी.

गाणी त्याला येत नव्हती. खेचरं हाकायचे आवाज येत होते. "दीऽऽ, दीऽऽ, चल माजी राणी, घाट आला," असं तो घुमवायचा, आणि नेदा दोन बांधांत झोपायची. पलीकडची म्हातारी वुना म्हणायची, "आरं नेयको, ही पोर मोठी हुईल आन नवरा हाका मारंल तर चारी पायांनी पळंल." तो हसायचा. त्याला हल्ली कशाचंही हसू यायचं.

आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. निजलेल्या पोराच्या टाळूला कोमट पावाचा वास येतो, हे त्याला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. श्वास घेताना त्याची छाती वर आली की तीही वर येई. मग केव्हातरी दोघांचा श्वास एकच होऊन जाई. अशा वेळी त्याला काही बाधत नसे, पाठ नाही, ऊन नाही, त्सोन्यो नाही.

केराने नऊ दिवसांत जे खुडलं ते बघायला भट्टीवाला स्वतः काट्यामागून उठून आला. पण ती दर दोन घंट्यांनी बांधावर यायची, पोरीच्या हनुवटीखाली दोन बोटं घालायची, नाकापुढे तळवा धरायची, आणि मगच पाजायला बसायची. एक दिवसही चुकवलं नाही. नेयको ते गुमान करू देई. तो तिचा हक्क होता, आणि त्याची शिक्षाही.

शेवटच्या दिवशी झुडपांवर नुसती पानं उरली. पेना, हाताचं बांधलेलं सुटलं म्हणून, डोक्यावर बानित्साची, म्हणजे पनीर भरून भाजलेल्या पदरी पोळीची, परात घेऊन मळ्यावर आली. आणि तिच्या मागून, टोपी काखेत मारून, गांचो आला. चार दिवसांची रजा. त्याने मुलीला अजून पाहिलंच नव्हतं.

तो केरापाशी थांबला, मग बापाकडे आला. बापाच्या छातीवरचं गाठोडं बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. नेदानेही त्याच्याकडे पाहिलं. गांचोने हात पुढे केले, मागे घेतले.

"मी कसा घेऊ तिला?" तो म्हणाला. "पडली तर?"

"न्हाई पडत. झोळीत घे," केरा म्हणाली. बाजूच्या मळ्यांतले पाच-सहा गडी कामं टाकून बघत होते. गांचोचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

"तू बांध मग," तो बायकोला म्हणाला.

केराने मान हलवली. "मी न्हाई. मामंजी, तुमीच बांधा. तुमच्या गाठीशिवाय दुसऱ्या कुनाच्या गाठीचा मला भरवसा न्हाई."

नेयकोने झोळी सोडली. नेदाला केराने धरलं. मग त्याने तंग मुलाच्या कमरेला लावला, पोरीला त्याच्या छातीवर बसवलं, पाय फाकवले, गुडघे वर, कापड मानेपर्यंत. राहिले पाठीवरचे पट्टे. ते आवळायला दोन्ही हात मुलाच्या काखेखालून पाठीमागे न्यावे लागले. गांचो त्याच्याहून हातभर उंच झाला होता. नेयकोचा गाल मुलाच्या खांद्याला लागला. कोटाला छावणीच्या साबणाचा आणि आगगाडीच्या धुराचा वास येत होता. मधे नेदा होती, दोघांच्या छातीत, आणि तिला काही तक्रार नव्हती.

"बाबा," गांचो त्याच्या डोक्यावरून हळू बोलला, "मला बी आसंच घ्यायचात का तुमी?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. पेनाने खोटं पाडलं नसतं.

"न्हाई," नेयको म्हणाला. "तुला कंदीच न्हाई घेतलं. तुज्या वक्ताला मी खेचरं लादत हुतो."

नेयकोने फुली घातली, फासा ओवला, गाठ बसवली. पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. जशी बसायला हवी तशी बसली होती. आता हात काढून घ्यायला हवे होते.

"बसतंय का नीट?" त्याने विचारलं.

"आजून जरा सैल वाटतंय, बाबा," गांचो म्हणाला.